भूप आणि देशकार: सगळी विधाने पाठ असूनही राग कळत नाही, तेव्हा नेमके काय कळलेले नसते?

उंबरठा

हा प्रश्न या चर्चास्थळाच्या संगीताच्या विभागात विचारावा की तत्त्वज्ञानाच्या, याचा निर्णय मला बराच वेळ करता आला नाही. अडचण गाण्याच्या वर्गात आली, परंतु तिचे मूळ 'ज्ञान' या शब्दाच्या अर्थात आहे असे वाटल्याने अखेर येथे लिहीत आहे.

मी चाळिशी ओलांडल्यावर गाणे शिकू लागलो. पेशा वाचण्या-लिहिण्याचा असल्यामुळे रागशास्त्र मला सोपे गेले. भूप आणि देशकार यांच्याविषयी विचारल्यास मी न अडखळता सांगू शकतो की दोन्ही राग औडव (पाच स्वरांचे) आहेत, दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागतात, आणि मध्यम व निषाद दोन्हींत वर्ज्य आहेत. भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणाचा स्वरसाचा) मानतात, देशकार बिलावल थाटातला. भूपाचा वादी (सर्वांत प्रमुख स्वर) गंधार व संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, तर देशकारात हेच नाते उलटे होते. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकार उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, रमतो आणि सकाळी गातात. यांतील प्रत्येक विधान खरे आहे, ते खरे आहे असे मी मानतो, आणि तसे मानण्यास ग्रंथांचा व शिक्षकांचा आधार माझ्यापाशी आहे. ज्ञानाची रूढ व्याख्या याहून अधिक काही मागत नाही. (त्या व्याख्येवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत, ते येथे उपयोगाचे नाहीत.)

गेल्या महिन्यात आमच्या गुरुजींनी केवळ तानपुऱ्याच्या साथीने, आकारात, दोनेक मिनिटे आलापी केली आणि राग ओळखण्यास सांगितले. मी 'भूप' म्हणालो; तो देशकार होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंना थाट म्हणजे काय हे धड सांगता येत नाही, पण त्यांनी पहिल्या दोन स्वरसमूहांतच राग ओळखला होता. कशावरून, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हा वर बसतोय ना. भूप असा नसतो."

माझा प्रश्न एवढाच आहे, की ताईंना ठाऊक असलेली आणि मला ठाऊक नसलेली वस्तुस्थिती कोणती? तशी काही असेल, तर ती विधानाच्या रूपात सांगता यावी, आणि सांगितल्यावर मीही राग ओळखू शकलो पाहिजे. नसेल, तर ताईंचे ज्ञान माझ्याहून अधिक नाही असे म्हणावे लागेल, आणि ते तर उघडच खोटे आहे. एक विनंती: 'शब्द संपतात तेथून अनुभव सुरू होतो' या धर्तीचे उत्तर देऊ नये. ते खोटे आहे असे नाही, परंतु शब्द कोठे संपतात आणि का संपतात, हे त्यातून कळत नाही.


पूर्वपक्ष

तुमच्या अडचणीच्या दोन्ही बाजू जिने आयुष्यात वेगवेगळ्या वेळी मांडल्या अशी एक व्यक्ती विसाव्या शतकात होऊन गेली, म्हणून तेथून सुरुवात करतो. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्स्टाइन याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅक्टेटस'मध्ये विधान म्हणजे वस्तुस्थितीचे चित्र अशी भूमिका मांडली, आणि ती समजावण्यासाठी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक संगीताचे होते. ग्रामोफोनची तबकडी, संगीताची कल्पना, कागदावरचे स्वरलेखन आणि हवेतल्या ध्वनिलहरी यांची घडण आतून एकच आहे, असे तो म्हणतो. त्यांना जोडणारा एक नियम असतो, आणि त्या नियमाने वादक स्वरलिपीतून संपूर्ण रचना बाहेर काढू शकतो. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' प्रसिद्ध झाले. तेथे त्याने जाणणे आणि सांगणे यांची तुलना करण्यासाठी तीन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत: माँ ब्लाँ पर्वत किती फूट उंच आहे, 'खेळ' हा शब्द कसा वापरला जातो, आणि क्लॅरिनेटचा आवाज कसा असतो. 'उंची ठाऊक आहे, पण सांगता येत नाही' असे कोणी म्हटले तर आपल्याला संशय येतो. क्लॅरिनेटच्या बाबतीत तसे म्हटले तर मुळीच येत नाही. (तो स्वतः क्लॅरिनेट वाजवत असे, त्यामुळे हे उदाहरण त्याला वाटेत सापडले असेल असे मला वाटत नाही.)

भूप आणि देशकार यांचा भेद तुम्ही पर्वताच्या उंचीच्या रांगेत उभा केला आहे, आणि त्यामुळेच 'आणखी एक विधान सापडले की झाले' असे तुम्हाला वाटते.

आता 'ट्रॅक्टेटस'मधल्या त्या नियमाकडे परत येऊ. संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाचे टिंब खाली, तार सप्तकाचे वर. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी) स्वरांवर कमान, आणि कणस्वर (ओझरता लागणारा स्वर) मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात. ही व्यवस्था अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. परंतु धैवतावरून पंचमावर येणारी कमान देशकारात कशी वाचायची आणि भूपात कशी, हे कमान स्वतः सांगत नाही. ते सांगणारा नियम शेजारी लिहिला, तर तो नियम कसा लावायचा हे सांगणारा दुसरा नियम लिहावा लागेल, आणि त्यासाठी तिसरा. लुईस कॅरल याने १८९५ मध्ये कासव आणि अकिलीस यांच्या संवादातून याच जातीची अनवस्था (कधीच न संपणारी साखळी) दाखवली होती: अनुमानाचा नियमही एक पूर्वविधान म्हणून लिहून द्या असा आग्रह कासव धरून बसते, आणि निष्कर्ष कधीच येत नाही. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल याने १९४९ मध्ये याच तऱ्हेच्या युक्तिवादाने 'अमुक आहे हे जाणणे' आणि 'अमुक कसे करावे हे जाणणे' यांत भेद केला. नियम लागू करण्याचे कसब हा आणखी एक नियम नसतो.

येथवर आल्यावर पुष्कळ जण 'ताईंपाशी कसब आहे, ज्ञान नाही' असे म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. २००१ मध्ये जेसन स्टॅन्ली आणि टिमथी विल्यमसन यांनी राईलला उत्तर देताना असे म्हटले, की 'कसे' जाणणे हेही 'आहे' जाणणेच असते; 'हे करण्याची रीत अशी आहे' या रूपाचे विधान जाणणाऱ्याला ठाऊक असते, फक्त ते विशिष्ट, व्यावहारिक रीतीने ठाऊक असते. त्यांचा सगळा युक्तिवाद मला मान्य नाही, परंतु त्यांनी बोट योग्य शब्दावर ठेवले. ताई म्हणाल्या, 'भूप असा नसतो.' हे पूर्ण विधान आहे. ते खरे किंवा खोटे असू शकते, आणि त्या दिवशी ते खरे होते. मात्र त्यातल्या 'असा' या शब्दाचा अर्थ कोशात नव्हता, खोलीत होता. तेच विधान पोस्टकार्डावर लिहून पाठवले असते, तर अक्षरे पोहोचली असती आणि विधान पोहोचले नसते. म्हणून मी मर्यादा भाषेची म्हणत नाही. ती पोस्टाने पाठवता येण्याजोग्या विधानांची आहे.


खर्ज

मी गाणारा आहे, तत्त्वज्ञानातला नाही, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण वरच्या उत्तरात शब्दांना फारच कमी श्रेय दिले गेले आहे.

दरबारी कानडा या रागातला गंधार मी कित्येक वर्षे 'जरा उतरलेला कोमल गंधार' म्हणूनच ऐकत होतो. एकदा तालमीत सांगण्यात आले, की तो एका जागी उभा नाही, संथपणे झुलतो आहे, त्याला आंदोलन म्हणतात. शब्द मिळाला आणि त्याच बैठकीत मला ते झुलणे ऐकू आले. अडाणा या रागातला गंधार तसा संथ झुलत नाही, हेही मग आपोआप लक्षात आले. कान तोच होता. भर पडली ती शब्दाची. शब्दावाचून कोणतेही ज्ञान नसते, सगळे ज्ञान शब्दाने जणू ओवलेले असते, असे व्याकरणकार भर्तृहरीने म्हटले आहे, ते मला या अनुभवानंतर पटले. शब्द ही ज्ञानाची सीमा कशी म्हणता येईल? माझ्या बाबतीत तर ते दार निघाले.


पोथीवाचक

खर्ज यांनी भर्तृहरीचा दाखला दिला ते बरे झाले, कारण त्याच 'वाक्यपदीया'च्या त्याच पहिल्या कांडात या धाग्याला अधिक जवळचे एक वचन आहे. रत्ने, नाणी इत्यादींची पारख जाणकारांना असते. ती दुसऱ्यांना सांगून देता येत नाही, ती केवळ अभ्यासाने उपजते, आणि ती अनुमानाने झालेली नसते, असे तो म्हणतो. त्याचा शब्द 'असमाख्येय' असा आहे. म्हणजे ज्याला सगळे ज्ञान शब्दाने ओवलेले दिसते, तोच रत्नपारख्याचे ज्ञान सांगण्यापलीकडचे आहे असेही सांगतो.

यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि मलाही अनेक वर्षे वाटत होते. आता वाटत नाही. ज्ञान शब्दाने व्यापलेले असणे आणि ते शब्दांनी दुसऱ्याच्या हाती देता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खर्ज यांना 'आंदोलन' हा शब्द मिळाला तेव्हा दरबारीचा गंधार त्यांच्या कानात आधीपासून, वर्षानुवर्षे, होता. शब्दाने त्या अनुभवाची घडी उलगडली. ज्याने दरबारी कधी ऐकलाच नाही त्याला तोच शब्द दिला, तर त्याच्या हाती एक व्याख्या पडेल, आणि ती तो उंबरठा यांच्याप्रमाणे अचूक पाठ करील. दार हा शब्द मला आवडला, पण दाराच्या दोन्ही बाजूंना काहीतरी असावे लागते.

न्यायदर्शनात हा वाद याहून तपशिलात झाला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रात प्रत्यक्षाच्या (इंद्रियांनी थेट होणाऱ्या ज्ञानाच्या) लक्षणात 'अव्यपदेश्य', म्हणजे नाव देऊन न सांगता येणारे, असे एक पद आहे. त्याच्या अर्थावरून पुढे बराच खल झाला, आणि वाचस्पती मिश्रांनंतर निर्विकल्पक (नावाशिवायच्या) व सविकल्पक (नावासह होणाऱ्या) अशा दोन पायऱ्यांशी ते पद जोडले गेले. बौद्धांपैकी दिङ्नागाने तर प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा, पर्यायाने नामाचा, स्पर्शच नसलेले ज्ञान अशी व्याख्या केली. नैयायिकांना इतके टोक मान्य नव्हते. त्यांच्या मते नावासह होणारे ज्ञानही प्रत्यक्षच असते. ताईंना जे झाले ते माझ्या समजुतीप्रमाणे हेच, म्हणजे सविकल्पक प्रत्यक्ष. त्यांनी आधी पाच स्वर ऐकले आणि मागून 'देशकार' असा निष्कर्ष काढला असे झाले नाही. त्यांनी देशकारच ऐकला. उंबरठा यांच्या प्रश्नात एक गृहीत लपले आहे, ते असे की ओळखणे म्हणजे लक्षणांवरून केलेले अनुमान, आणि म्हणून ताईंपाशी एखादे गुप्त लक्षण असलेच पाहिजे. भर्तृहरीने 'अनुमानाने झालेली नाही' असे जे मुद्दाम सांगितले, ते याच गृहीताविरुद्ध आहे.

आणखी एक वचन येथे आठवते. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत फार मोठे अंतर आहे, तरीही ते सांगणे सरस्वतीलाही शक्य नाही, असे दंडीने 'काव्यादर्शा'त म्हटले आहे. मला त्यातला पहिला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अंतर सूक्ष्म आहे म्हणून सांगता येत नाही, असे दंडी म्हणत नाही. अंतर मोठे आहे, लहान मुलालाही कळते, आणि तरी सांगता येत नाही. भाषेच्या मर्यादेची चर्चा सुरू झाली की आपण लगेच सूक्ष्म, गूढ, अतींद्रिय अशा गोष्टींकडे धाव घेतो. ती मर्यादा तर स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याशीच लागलेली असते.


उंबरठा

सर्वांचे आभार. 'असा' या शब्दाविषयीचे विवेचन आणि अनुमानाविषयीचा आक्षेप, दोन्ही मला मान्य करावे लागत आहेत. तरी एक वाट उरते. शब्द अपुरे पडत असतील, तर आलेख का वापरू नये? माझ्या एका मित्राने गुरुजींच्या त्या आलापीच्या ध्वनिमुद्रणाचा स्वरोच्चतेचा आलेख संगणकावर काढून दिला. प्रत्येक क्षणी आवाज किती उंचीवर होता ते त्यात दिसते. कोठे मींड आहे, कोठे कण आहे, सगळे. त्यात 'असा' म्हणण्याची गरजच नाही, आणि तो पोस्टाने पाठवता येतो. मग राग त्यात आला की नाही?


मोजपट्टी

ध्वनिशास्त्र हे माझे काम असल्याने यावर लिहितो. आलेखात राग आला आहे. अडचण अशी आहे, की त्याच्यासोबत इतरही सगळे आले आहे.

स्वरांतरे मोजण्यासाठी आम्ही सप्तकाचे १२०० सेंट मानतो. हार्मोनियमच्या समविभागी रचनेत कोमल गंधार षड्जापासून ३०० सेंटवर येतो. ६:५ या गुणोत्तराने काढला तर सुमारे ३१६ सेंटवर, आणि ३२:२७ या गुणोत्तराने सुमारे २९४ सेंटवर. दरबारीचा गंधार गाणाऱ्याचा आलेख काढला की यांपैकी कोणत्याही एका आकड्यावर रेषा थांबत नाही, ती वरखाली होत राहते. हे खर्ज यांच्या 'झुलणे' या शब्दापेक्षा पुष्कळ अधिक माहिती देणारे आहे, यात शंका नाही. परंतु त्याच रेषेत गायकाच्या श्वासाचा कंप आहे, वयाचा परिणाम आहे, त्या दिवशीचा घसा आहे, आणि यंत्राच्या चुकाही आहेत. यांतले काय दरबारीचे आणि काय गायकाचे, हे रेषा सांगत नाही. तिला सगळे वळसे सारखेच. जे ऐकणाऱ्याला सोडून देता येते, ते आलेखाला येत नाही, आणि राग जाणणे म्हणजे बऱ्याच अंशी काय सोडून द्यावे हे जाणणे आहे.

पुष्कळ नमुने देऊन संगणकाला राग ओळखायला शिकवता येते, हेही नमूद करतो. त्यामुळे ताईंच्या ज्ञानात काही अलौकिक आहे असे मानण्याचे कारण उरत नाही. पण शिकून झालेल्या त्या यंत्राच्या पोटात डोकावले, तर तेथेही 'देशकार म्हणजे अमुक' असे वाक्य सापडत नाही, असंख्य आकडे सापडतात. विधानात नसलेले ज्ञान गूढच असले पाहिजे, ही समजूत यामुळे माझ्यापुरती तरी सुटली.

आता तुमच्या दोन रागांकडे. तुमच्या मित्राला सांगून त्या आलेखात गुरुजी प्रत्येक स्वरावर एकूण किती वेळ थांबले ते मोजून घ्या. माझा अंदाज असा, की धैवत आणि पंचम यांवरचा वेळ गंधारावरच्या वेळेपेक्षा लक्षात येण्याइतका अधिक निघेल, आणि रिषभ जवळजवळ वाटेवरचाच निघेल. तसे असेल, तर त्याचे वर्णन करणारे वाक्य तुम्ही पहिल्याच संदेशात लिहिलेले आहे.


खर्ज

पोथीवाचक यांचे म्हणणे मान्य. दाराची दुसरी बाजू मी विसरलो होतो.

मात्र 'हे सांगता येत नाही' या वाक्याविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते, कारण आमच्या क्षेत्रात त्याचा फार गैरवापर झाला आहे. सांगता न येणारे आणि सांगायचे नसलेले, यांची सरमिसळ करणे उस्तादांना सोयीचे असे. भातखंडे यांनी वकिली सोडून देशभर प्रवास केला, ठिकठिकाणच्या गायकांकडून चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या छापल्या, तेव्हा घराण्यांच्या कुलुपातले पुष्कळसे मुळात कधीच 'शब्दातीत' नव्हते, हे उघड झाले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि त्यातला शिष्य शंका विचारायला संकोच करत नाही. पुस्तकातून गायकी येत नाही हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही घेतला जात असे. पण आपल्याकडे लेखनावर त्यांच्याइतका विश्वास क्वचितच कोणी ठेवला असेल, आणि तरीही १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे करण्यात त्यांचाच पुढाकार होता. नुसती पुस्तके पुरेशी आहेत असे त्यांना वाटत असते, तर शिक्षक नेमण्याचा खटाटोप कशाला केला असता?

म्हणून सीमा आहे हे मान्य करतानाच, ती कोणी आणि कोठे आखली, हे प्रत्येक वेळी विचारावे असे मला वाटते.


उंबरठा

मोजपट्टी यांच्या सूचनेप्रमाणे मोजून घेतले. धैवत सर्वांत पुढे, त्याच्या मागोमाग पंचम; गंधार बराच मागे, आणि रिषभ नावापुरता. ते आकडे पाहिल्यानंतर ध्वनिमुद्रण पुन्हा तीनदा ऐकले. तिसऱ्या वेळी धैवतावरचे थांबणे ऐकू आले, निदान तसे वाटले. 'हा वर बसतोय' म्हणजे काय, हेही तेव्हा काहीसे उमगले.

यातून माझा मूळ प्रश्न सुटण्याऐवजी सरकला आहे. मला वाटत होते की ताईंपाशी माझ्याहून एक विधान अधिक असावे. प्रत्यक्षात विधान माझ्यापाशीच होते. 'देशकाराचा वादी धैवत' हे मी पहिल्या वर्षी पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. गुरुजी गात होते तेव्हा ते माझ्या कानाजवळ खरे ठरत होते, आणि मी 'भूप' म्हणत होतो. एखादे विधान कशामुळे खरे ठरते ते समोर घडत असताना ज्याला ओळखता येत नाही, त्याला ते विधान ठाऊक होते असे म्हणावे, की फक्त वाक्य ठाऊक होते असे म्हणावे? पूर्वपक्ष यांनी कासवाची गोष्ट सांगितली, तीत कासवाला निदान विधानांचे अर्थ तरी कळत होते. माझ्या बाबतीत मला तेवढीही खात्री देता येत नाही.


पूर्वपक्ष

'फक्त वाक्य' असे मी म्हणणार नाही. त्या वाक्याच्या आधारेच तुम्ही आकडे पाहून 'बरोबर, धैवतच' असे म्हणू शकलात, आणि तिसऱ्या वेळी काय ऐकायचे हेही त्यानेच सांगितले. 'वादी' हा शब्द अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला तेच आकडे दाखवले असते, तर त्याला ते केवळ आकडेच राहिले असते. तुम्हाला विधान अर्धे कळले होते असे म्हणावेसे वाटते, पण विधान अर्धे कळणे म्हणजे काय, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. ताईंना 'वादी' या शब्दाचा अर्थ विचारून पाहाल का? त्यांना तो सांगता आला नाही, तर त्यांच्याकडचा अर्धा कोणता, हाही प्रश्न उभा राहील.